सतराव्या वर्षी उशीर कसला? डेल्फीन लदूची कारकीर्द आणि रिदमिकमधलं वय

पुण्यातल्या एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सतरा वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून रिदमिक जिम्नॅस्टिक्स (हूप म्हणजे मोठं कडं, बॉल, रिबन अशी साधनं घेऊन संगीतावर करायचा प्रकार) करते, राज्य पातळीवर पदकं आहेत, राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा गेली. आता क्लासमध्ये सांगतात की या खेळात अठरानंतर काही उरत नाही, बारावीकडे लक्ष द्या. मुलीनं मात्र एका फ्रेंच खेळाडूबद्दल कुठेतरी वाचलं, जी सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा ऑलिंपिक खेळली. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर तिला ते जमलं कसं?

ताई, खरं आहे. तिचं नाव डेल्फीन लदू. जन्म मे 1986, गाव कॅले, म्हणजे फ्रान्सच्या अगदी उत्तर टोकाचं बंदर. ऑगस्ट 2012 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरिनात ती फ्रान्सकडून उतरली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि ते तिचं पहिलंच ऑलिंपिक होतं. तिला पदक मिळालं नाही. अंतिम फेरीतल्या दहांमध्येही ती नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

मी गेली पंचवीसहून जास्त वर्षं मुलींना रिदमिक शिकवते, आणि त्यातली बरीच वर्षं जज म्हणूनही बसते. तुमच्या मुलीला जे सांगितलं गेलं, ते मीसुद्धा एकेकाळी सांगितलं आहे. सोळा वर्षांची एक मुलगी होती माझ्याकडे. वर्षभरात उंची वाढली, अंग भरलं, पाठीचा बाक पूर्वीसारखा जाईना. मी तिला म्हणाले, आता तुझं झालं, पुढच्या वर्षी लहान मुलींना शिकवायला ये. ती शिकवायला आली नाही आणि खेळायलाही आली नाही. मी तिला थांबवलं नाही. तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते लदूसारख्या खेळाडूंची कारकीर्द बघताना हळूहळू समजत गेलं. म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

आधी फ्रान्सची जागा समजून घ्या. या खेळात सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया ही दोन माहेरं. नंतर रशिया, युक्रेन, बेलारूस. तिथल्या मुली एका मोठ्या चाळणीतून येतात: शेकडो लहान मुली, त्यातून दहा, त्यातून एक. ती एक बावीस वर्षांची झाली की मागे पाच तयार असतात. रशियाच्या एव्हगेनिया कनाएवाचंच बघा. 2008 आणि 2012 असं लागोपाठ दोन वेळा ऑलिंपिकचं वैयक्तिक सुवर्ण घेणारी ती पहिली. 2012 संपता संपता ती निवृत्त झाली, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती. तिच्या देशाला तिच्यावाचून अडणार नव्हतं. फ्रान्सकडे अशी चाळणी नाही. तिथे एखादी चांगली मुलगी मिळाली की तिला जपावं लागतं, आणि जपलं की ती टिकते. आपल्याकडे जे म्हणतात की या खेळात वय अठराला संपतं, ते चाळणीवाल्या देशांकडून आलेलं मत आहे. आपल्याकडे चाळणी नाहीच, मत मात्र आपण उचललं.

फ्रान्समध्ये लदूच्या आधी मोठं नाव एव्हा सेरानोचं. दक्षिणेतल्या नीम शहरात 1978 मध्ये जन्मलेली. 1996 च्या अटलांटात ती अठरा वर्षांची होती, सहावी आली. 2000 मध्ये सिडनीत बावीस वर्षांची होती, पाचवी आली. माझ्यासारख्यांनी सिडनीची ती स्पर्धा व्हिडिओ कॅसेटवर घासून घासून पाहिली. सगळे बघतात ते रशियाच्या अलिना काबाएवाच्या हातून हूप निसटून कार्पेटबाहेर घरंगळत जाण्याचा प्रसंग. त्या चुकीनं तिचं सुवर्ण गेलं आणि रशियाचीच यूलिया बारसुकोव्हा 39.632 गुणांनी पहिली आली. मी मात्र सेरानोचा बॉल पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघायचे. अठराव्या आणि बावीसाव्या वर्षीच्या तिच्या खेळात मला जो फरक दिसला तो पायांच्या उंचीत नव्हता. बॉल हातावर येऊन बसण्यात होता.

हे जरा नीट सांगते, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

रिदमिकचा बॉल 18 ते 20 सेंटिमीटर व्यासाचा आणि निदान 400 ग्रॅम वजनाचा असतो. तो पकडायचा नसतो. बोटं आवळून धरला की जज वजावट करतो. तळहात वाटीसारखा ठेवायचा, बोटं जोडलेली पण सैल, आणि बॉल त्या वाटीत येऊन बसला पाहिजे. दहा मीटर उंचीवरून येणारा बॉल एका हातात आवाज न होता घ्यायचा, तर हात खाली येणाऱ्या बॉलच्या वेगानंच खाली जायला हवा. कपडे वाळत घालताना ओली चादर हवेत झटकून दोरीवर अलगद सोडतो ना, साधारण तसा तो हात जातो. दहा वर्षांच्या मुलीला हे शिकवता येतं, पण तिच्या हातून टप्प असा आवाज येतोच. चौदाव्या वर्षी आवाज कमी होतो. एकोणीस-विसाव्या वर्षी कधीतरी तो बंद होतो. माझ्या अनुभवात याला घाईचा मार्ग नाही. हजारो कॅच हाताखालून गेले की हाताला आपसूक कळायला लागतं.

रिबनचंही तसंच. सीनियरची रिबन 6 मीटर लांब, वजन निदान 35 ग्रॅम. ती सतत हलती राहिली पाहिजे, टोक जमिनीवर मरगळता कामा नये, गाठ पडता कामा नये. आमच्या हॉलमध्ये रिबनचा सराव असला की पंखे बंद. मे महिन्यातसुद्धा. जुलैत मुंबईच्या हवेत सॅटिन ओलसर होतं आणि स्वतःलाच चिकटतं. रिबनमध्ये गाठ पडायच्या आधी काठीला एक बारीकसा झटका जाणवतो. लहान मुलीला तो जाणवेपर्यंत गाठ बसलेली असते. वीस वर्षांच्या मुलीचं मनगट त्या झटक्यावर विचार न करता उलटं फिरतं आणि गाठ सुटते. बघणाऱ्याला काहीच घडलेलं कळत नाही.

म्हणजे या खेळात दोन शरीरं असतात असं समजा. एक लवचीक शरीर, जे लवकर फुलतं. दुसरं हाताचं, कानाचं, नजरेचं शरीर, जे उशिरा पिकतं. पहिलं ओसरायला लागलं म्हणून दुसरं पिकायच्या आत मुलीला घरी पाठवायचं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो.

आता लदूकडे येते. 2004 चं अथेन्स ऑलिंपिक झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिथे ती नव्हती. 2008 च्या बीजिंगला बावीस वर्षांची. तिथेही नव्हती. हे नीट लक्षात घ्या, ताई. ज्या वयात बहुतेक जणी खेळ सोडतात, त्या वयापर्यंत तिची दोन ऑलिंपिकं हातची गेली होती. ती फ्रान्सची अनेकदा राष्ट्रीय विजेती होती, म्हणजे घरच्या मैदानावर तिला सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं. बावीसाव्या वर्षी थांबली असती तर कुणीही नावं ठेवली नसती. तिनं आणखी चार वर्षं काढली.

चार वर्षं म्हणजे काय, ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. या पातळीवर आठवड्याला तीसहून जास्त तास सराव असतो. दिवसाची सुरुवात तास-दीड तास बारवर, बॅले नर्तकीसारखी. मग स्ट्रेचिंग, मग प्रत्येक साधनाचं रूटीन तुकड्या-तुकड्यांनी, मग संगीतावर सलग. दीड मिनिटाचं रूटीन, चार साधनं, म्हणजे सहा मिनिटांच्या खेळासाठी वर्ष जातं. त्यात तिच्या काळात नियमांची पुस्तकं बदलत गेली. आमच्या भाषेत कोड. दर ऑलिंपिकनंतर नवा कोड येतो आणि जुनी रूटीन अर्धीअधिक रद्दीत जातात.

हे कोडचं प्रकरण तुम्हाला रटाळ वाटेल, पण कारकीर्द किती टिकते ते बऱ्याच अंशी इथेच ठरतं. सिडनीत एका साधनाला 10 गुण, चार साधनांचे 40. लंडनमध्ये एका साधनाला 30, एकूण 120. कनाएवा तिथे 116.900 गुणांनी जिंकली. आता काठिण्याच्या गुणांना वरची मर्यादाच नाही. 2024 मध्ये पॅरिसला जर्मनीची दार्या वारफोलोमेएव्ह 142.850 गुणांनी जिंकली. हे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही. कळतं ते एवढंच की दर काही वर्षांनी खेळाचा तोल हलतो. 2000 नंतरच्या काही वर्षांत तो लवचीकपणाकडे फार झुकला. पाठ दुमडून डोकं नितंबाला टेकवणं, पाय डोक्याच्याही पलीकडे नेणं, अशा हालचालींना भरघोस गुण. साहजिकच कोवळ्या मुलींना फायदा आणि मणक्याला तोटा. लदूची ऐन उमेदीची वर्षं याच काळातली. त्या तोलाच्या विरुद्ध दिशेनं ती टिकली, म्हणून मला तिच्याबद्दल विशेष आदर आहे.

2013 च्या कोडनं तोल परत फिरवला. शरीराच्या कठीण हालचालींची संख्या कमी झाली, नृत्याच्या पावलांना वेगळं स्थान आलं, शब्द असलेलं गाणं वापरायला परवानगी मिळाली. तोवर गाण्यात आवाज चालायचा, शब्द नाहीत. आजच्या कोडमध्ये कलात्मकतेचे गुण वेगळे दिले जातात आणि साधनाच्या हाताळणीवर काठिण्याचे गुण चढत जातात. म्हणजे जे उशिरा पिकतं त्याला आज लदूच्या काळापेक्षा जास्त मोल आहे. तुमची मुलगी त्या दृष्टीनं चांगल्या काळात सतराची झाली आहे.

फ्रान्सनं लदूला काय दिलं, तेही बघायला हवं. कारण निव्वळ जिद्दीवर कुणी सव्विसाव्या वर्षापर्यंत खेळत नाही. घरभाडं, शिक्षण, दुखापतीचा खर्च, हे सगळं मागे उभं असतं.

तिथले क्लब बहुतेक 1901 च्या संस्था-कायद्याखाली नोंदलेले, ना-नफा तत्त्वावर चालणारे. हॉल नगरपालिकेचा. आपल्याकडच्या व्यायामशाळेसारखंच, फक्त नगरपालिका हॉल खरोखर देते. तिथे सामूहिक रिदमिकची फार मोठी परंपरा आहे. लहान गावातल्या क्लबच्या पाच मुली एकत्र रूटीन बसवतात आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाण्याचं स्वप्न बघतात. त्यातल्या बहुतेक ऑलिंपिकच्या वाऱ्यालाही उभ्या राहणार नसतात, पण त्या वीस-बावीस वर्षांच्या होईपर्यंत खेळत राहतात. कॉलेजात जाणारी मुलगी संध्याकाळी हूप घेऊन हॉलमध्ये येते यात कुणाला नवल वाटत नाही. वय वाढलेली खेळाडू डोळ्यांसमोर असणं हीच एक मोठी गोष्ट आहे. आपल्या हॉलमध्ये बारा वर्षांच्या मुलीला वीस वर्षांची खेळाडू दिसतच नाही, मग ती कुणाकडे बघून पुढचा विचार करणार?

वरच्या पातळीच्या मुलींसाठी शाळेचं वेळापत्रक सरावाभोवती बसवून देणारी केंद्रं आहेत, आणि सर्वांत वर पॅरिसच्या पूर्वेला व्हँसेनच्या वनातली इन्सेप ही राष्ट्रीय क्रीडा संस्था. 1975 पासूनची. तिथे सराव, वसतिगृह, डॉक्टर, फिजिओ आणि शिक्षण एकाच आवारात. सरकारच्या उच्चस्तरीय खेळाडूंच्या यादीत नाव असलं की परीक्षांच्या तारखा, अभ्यासक्रमाची विभागणी यात सवलत मिळते. खेळ की शिक्षण, हा प्रश्न तिथे मुलीच्या आईला असा गळ्याशी येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही: भूगोल. पॅरिसच्या उपनगरात तिए इथे वर्षानुवर्षं ग्रां प्री स्पर्धा होते. जवळच कॉर्बेय-एसॉन इथे कितीतरी वर्षं विश्वचषकाची फेरी होत असे. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम मुली दर वसंत ऋतूत फ्रेंच मुलीच्या दारात यायच्या. त्यांच्यासोबत वॉर्म-अप करायचा, त्याच जजपुढे उभं राहायचं, संध्याकाळी आगगाडीनं घरी. शिवाय 2011 ची जागतिक स्पर्धाही फ्रान्समध्येच, माँपेलिएला झाली, आणि लंडनच्या जागा ठरायला तिथूनच सुरुवात झाली. घरचे प्रेक्षक, घरची भाषा, आणि पंचवीस वर्षांची लदू.

लंडनमध्ये वैयक्तिक प्रकारात जागा होत्या फक्त 24, एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. सगळ्या जगातून चोवीस मुली. त्यातली एक कॅलेची. नकाशा काढून बघा: कॅले आणि समोरचं इंग्लंडमधलं डोव्हर यांच्यात समुद्राची जेमतेम 33 किलोमीटरची पट्टी आहे. दोन ऑलिंपिकं हुकल्यावर तिसरं तिच्या घरासमोर, खाडीपलीकडे आलं. ती अंतिम दहांत गेली नाही हे मी वर सांगितलंच. तरी तिची कारकीर्द मी माझ्या मुलींना पूर्ण झालेली कारकीर्द म्हणून सांगते. बक्षीस समारंभ झाला नाही म्हणून ती अपुरी ठरत नाही.

तिच्यानंतर 2016 च्या रिओत फ्रान्सकडून क्सेनिया मुस्ताफाएवा खेळली, मिन्स्कमध्ये जन्मलेली, एकवीस वर्षांची. 2024 मध्ये पॅरिसच्या घरच्या ऑलिंपिकमध्ये एलेन करबानोव्ह उतरली.

आणि वयाचंच म्हणाल तर लदू एकटी नाही. स्पेनची आल्मुदेना सिद 1996 पासून 2008 पर्यंत चार ऑलिंपिक खेळली आणि चारही वेळा अंतिम फेरीत पोचली. शेवटच्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती, आठवी आली. बेलारूसची ल्युबोव्ह चारकाशिना लंडनमध्ये कांस्य जिंकली तेव्हा चोवीस वर्षांची. स्लोव्हेनियाकडून खेळणारी एकातेरिना वेदेनेएव्हा पॅरिसला तीस वर्षांची होती. अशी उदाहरणं वाढत चालली आहेत.

आता तुमच्या मुलीकडे. इथे मी गोड बोलणार नाही.

भारताची एकही रिदमिक खेळाडू आजवर ऑलिंपिकला पात्र ठरलेली नाही. दीपा कर्माकर 2016 मध्ये गेली आणि व्हॉल्टमध्ये चौथी आली, पण तो आर्टिस्टिक प्रकार, वेगळा खेळ. आशियात चीन, जपान, उझबेकिस्तान, कझाकस्तान यांच्या मुली आपल्या खूप पुढे आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र रिदमिकमध्ये बलवान आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं पंचकुलातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली, हे तुमच्या मुलीला माहीत असेलच. पण वर्षातून एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मिळणारी मुलगी आणि दर वसंतात तिएला खेळणारी मुलगी यांच्यातलं अंतर मेहनतीचं नसून संधीचं आहे, आणि ते तुम्ही किंवा मी एकट्यानं भरून काढू शकत नाही. म्हणून लदूचं उदाहरण ऑलिंपिकचं आश्वासन म्हणून घेऊ नका. सतराव्या वर्षी खेळ संपत नाही, याचा पुरावा म्हणून घ्या. नियमांप्रमाणे सीनियर गट सोळाव्या वर्षी सुरू होतो. ज्या गटात ती आत्ता कुठे आली आहे, त्यातून तिला बाहेर काढायची घाई कशाला?

पुढचं बोलणं जरा नाजूक आहे, पण आईशीच बोलते आहे म्हणून उघड बोलते. तिची पाळी नियमित आहे का? सतराव्या वर्षीही सुरू झाली नसेल, किंवा सुरू होऊन तीनेक महिने बंद असेल, तर सगळ्यात आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आमच्या खेळात वर्षानुवर्षं असं मानलं गेलं की पाळी लांबली म्हणजे मुलगी व्यवस्थित सराव करते आहे. हे साफ चूक आहे. खर्चाइतकं अन्न पोटात जात नसलं की शरीर एकेक काम बंद करत जातं, आणि पाळी त्यातलं पहिल्या कामांपैकी एक. 2014 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या अवस्थेला वेगळं नाव देऊन डॉक्टरांसाठी मार्गदर्शन केलं आहे. हाडांची ताकद विशीपर्यंत भरत असते. ती भरायच्या वयात उपाशी ठेवलेली मुलगी सव्वीसपर्यंत खेळू शकत नाही, कारण त्याआधीच तिच्या पायाच्या किंवा कंबरेच्या हाडाला बारीक तडा जातो. क्लासमध्ये कुणी तिला सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करत असेल तर ते थांबवायला सांगा. भाकरी, भात, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, सगळं खाऊ दे. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. दोन केळी आणि दशम्या डब्यात दिल्यात तरी चालेल.

दुसरं, कंबर. मागे वाकताना एका ठरावीक जागी, मणक्याच्या एकाच बाजूला दुखतं का, ते विचारा. दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर तेल लावून, शेकून भागवू नका, ऑर्थोपेडिककडे जा. आमच्या मुलींना एकाच पायावर, एकाच बाजूला सगळं करायची सवय असते. उजवा पाय वर, डावा पाय खाली, दहा वर्षं तेच. शरीर एका अंगानं झिजतं. लांब खेळायचं असेल तर दुसऱ्या बाजूलाही तेवढंच काम द्यावं लागतं, स्पर्धेत उपयोग नसला तरी. आणि पोटाचे, मांड्यांच्या मागचे, खांद्यांचे स्नायू बळकट करायचे. नुसतं ताणत राहिलेलं शरीर कधीतरी उसवतंच.

तिसरं, रूटीन. तिच्या प्रशिक्षकांशी भांडू नका. फक्त एवढं विचारा की रूटीन तेराव्या वर्षीच्या शरीरासाठी बसवलंय की सतराव्या. मी जजच्या टेबलावरून दर स्पर्धेत बघते: मुलगी मोठी झालेली असते आणि रूटीन तेच जुनं. बालपणी सहज होणारी पाठीची घडी आता पाऊण होते, तोल जातो, जज वजावट लावतो. अशी हालचाल काढून टाका. तिच्या जागी तिला जिची आज खात्री आहे अशी पिव्हट, म्हणजे एका पायावरची गिरकी घ्या, साधनाच्या हाताळणीचे दोन-तीन प्रकार घ्या, एक चांगली रिस्क घ्या, म्हणजे साधन वर उडवून खाली निदान दोन पूर्ण गिरक्या आणि मग झेल. साधन हातून पडलं आणि तीन पावलं धावावं लागलं तर एक पूर्ण गुण जातो. जे हमखास हातात येतं तेच ठेवलं तर तिचे गुण चार महिन्यांत वाढलेले दिसतील, तेही पाय एक इंचही आणखी वर न जाता.

संगीतही बदला. बारा वर्षांच्या मुलीला शोभणाऱ्या ठुमकत्या चालीवर सतरा वर्षांची मुलगी अवघडते. ती काय ऐकते ते तिला विचारा. शब्द असलेलं गाणं चालतं आता.

बारावीचं म्हणाल तर या वर्षी सराव आठवड्याला चार दिवसांवर आणा, दोन-अडीच तासांचा, पण बंद करू नका. पूर्ण वर्ष थांबलेली मुलगी या खेळात परत येणं फार अवघड जातं. कमी केलेली येते. खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांसाठी प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत करून घ्या, आमच्या कितीतरी मुलींचे कागद शेवटच्या आठवड्यात अडकलेत. पुढे महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धा धरल्या जातात ती यादी आत्ताच बघून ठेवा आणि त्याप्रमाणे पुढच्या दोन वर्षांच्या स्पर्धा ठरवा. विद्यापीठ पातळीवर तिला खेळायला मिळेल, तिथे तिच्या वयाच्या मुली असतील.

आणि तिला माझा एक निरोप द्या. सहामाही परीक्षा संपेपर्यंत नवीन रूटीन नको, फक्त बॉल. रोज रात्री घरी वीस मिनिटं, अनवाणी, डाव्या हातानं. छतापर्यंत उडवायचा आणि आवाज न करता घ्यायचा. पन्नासपैकी किती वेळा आवाज झाला नाही ते वहीत लिहून ठेव म्हणावं. दिवाळीनंतर ती वही घेऊन माझ्याकडे या, मग हूपचं बघू.